भाकरीचा तुकडा कधी द्यायचा?

"डॉक्टर, गोळी जरा वाढवून द्या. एवढ्यानं आता भागत नाही."

आमच्या भागातील एक आई दर महिन्याला दवाखान्यात येऊन मला हेच सांगत असे. मुलगा 21 वर्षांचा. बोलता येत नाही, हाताने जेवता येत नाही, कपडे ओले होतात. अशांना पूर्वी आपण मतिमंद म्हणत असू, आता बौद्धिक दिव्यांग म्हणतो. शब्द बदलला, पण त्या माउलीचा दिवस होता तसाच राहिला. हा मुलगा दिवसातून आठ-दहा वेळा मोठ्याने ओरडे आणि कपाळ भिंतीवर आपटून घेई. मी गोळी वाढवून देत असे. "याला आता काही शिकवता यायचं नाही, नीट सांभाळा," असेही मीच त्यांना सांगितले होते. अशा मुलांना कोणते आजार होतात ते आम्हाला एम.बी.बी.एस.ला शिकवले. त्यांना शिकवायचे कसे, हे मात्र कोणी शिकवले नाही आणि पुढे मीही ते विचारायला गेलो नाही.

एके दिवशी विशेष शाळेतील एक शिक्षिका अंगात ताप म्हणून आल्या होत्या. बाकावर शेजारीच ही मायलेकरे. मुलगा ओरडू लागला. आईने पिशवीतून भाकरीचा तुकडा काढून त्याच्या तोंडात घातला, तो गप्प झाला.

बाईंनी विचारले, "घरीही असंच करता का?"

"दुसरं काय करणार बाई? शेजारीपाजारी बोलतात."

"मग ओरडायला तुम्हीच शिकवताय की त्याला."

त्या आईला राग आला. खरे सांगायचे तर मलाही ते बोलणे लागले. पण बाईंचे चुकले नव्हते. ज्या कृतीपाठोपाठ हवी ती गोष्ट मिळते, ती कृती माणूस पुन्हा करतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी हे तत्त्व प्रयोगांनी मांडले. आपल्याकडील पुस्तकांत त्याला साधक अभिसंधान असे जड नाव आहे. वाचकहो, नाव विसरलात तरी चालेल. ज्या मुलाला 'काही शिकता येणार नाही' असे मी लिहून मोकळा झालो होतो, तो एक गोष्ट पक्की शिकला होता: ओरडले की भाकरी मिळते.

याच विषयावरचा एक जुना प्रयोग 1949 साली प्रसिद्ध झाला. पॉल फुलर नावाच्या संशोधकाने अमेरिकेतील एका संस्थेत अंथरुणाला खिळलेला 18 वर्षांचा तरुण निवडला. त्याला कूस बदलता येत नव्हती, अन्न चावता येत नव्हते. 18 वर्षांत हा काहीही शिकला नाही आणि शिकणारही नाही, असे तेथील डॉक्टरांचे मत होते. त्याचा उजवा हात जरासा हलला, की फुलर पिचकारीने त्याच्या तोंडात गोड दूध सोडत. चार बैठकांत तो तरुण आपणहून पुन्हा पुन्हा हात उचलू लागला. त्यासाठी त्याला कित्येक तास उपाशी ठेवले होते. आज तसे करणे कोणी मान्य करणार नाही, मीही करत नाही. पण डॉक्टरांचे 18 वर्षांचे मत चार बैठकांत खोटे ठरले, हे मला विसरता येत नाही.

पुढे 1971 साली अझ्रिन आणि फॉक्स या दोघांनी अतितीव्र अपंगत्व असलेल्या नऊ प्रौढांना संडासला जायला शिकवले. त्यांना भरपूर पेये पाजली, थोड्या थोड्या वेळाने संडासावर बसवले आणि तेथे लघवी झाली की त्याच क्षणी खाऊ आणि शाबासकी दिली. निम्म्या लोकांना चार दिवस पुरले. कपडे खराब होण्याचे प्रमाण सुमारे 90 टक्क्यांनी घटले. त्यांच्या पद्धतीत रागावणे आणि घाण साफ करायला लावणे हेही होते, ते मला पटत नाही.

आमच्या या मुलाचे काय केले ते सांगतो. आधी बाईंच्या सांगण्यावरून मी त्याला नीट तपासले. एक दाढ पार किडलेली निघाली. ज्याला बोलता येत नाही तो दुखले तरी आपटतच सुटतो. म्हणून कान, दात, बद्धकोष्ठ आधी पाहावे. हे माझे काम होते आणि ते मी इतकी वर्षे केले नव्हते.

मग ओरडण्याऐवजी ताटली वाजवायला शिकवायचे ठरले. आईने त्याचा हात धरून ताटलीवर आपटायचा आणि लगेच तुकडा द्यायचा. लगेच म्हणजे त्याच क्षणी. दोन मिनिटांनी दिला तर तो कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही. ओरडले तर तुकडा नाही. डोके आपटू लागला तर मध्ये उशी धरायची, पण बोलायचे नाही. पहिल्या आठवड्यात तो दुप्पट ओरडला. बक्षीस बंद झाले की सुरुवातीला असे होऊ शकते, आणि नेमके तेव्हाच घरचे हात टेकतात. त्या दिवसांत हार मानून तुकडा दिला, तर आणखी मोठ्याने ओरडायचे एवढेच तो शिकतो. त्याच्या वडिलांनी शेजाऱ्यांकडे जाऊन महिन्याभराची माफी मागून ठेवली. सगळ्या उपचारात मला हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते.

जेवण शेवटाकडून शिकवले. चमचा भरून, त्याचा हात धरून ओठांपर्यंत न्यायचा आणि शेवटच्या दोन बोटांच्या अंतरावर हात सोडायचा. ते जमले की अंतर वाढवायचे. तीन महिने लागले.

बक्षीस खाण्याचेच असावे असे नाही. कुणाला नळाची धार आवडते, कुणाला गाणे. शेंगदाणे, फुटाणे मात्र देऊ नयेत, घशात अडकतात. बक्षिसाबरोबर "शाब्बास" म्हणत जावे, म्हणजे पुढे खाऊ हळूहळू कमी करता येतो.

त्या मुलाचे आजोबा मला म्हणाले, "डॉक्टर, माणसाच्या पोराला सर्कशीतल्या वाघासारखं शिकवायचं?" प्रश्न बरोबर आहे. मी म्हटले, पगार थांबला तर आपल्यापैकी किती जण सोमवारी कामावर जातील? पण त्यांच्या मनातली भीती खोटी नाही. याच तत्त्वाच्या नावाने 1960च्या दशकात अमेरिकेत अशा मुलांना विजेचे झटकेही दिले गेले. आपल्याकडे झटके नसले तरी काठी असते. मार खाऊन मूल त्या माणसाला घाबरायला शिकते, चमचा धरायला नाही. आणि शिकवायचे काय, हेही पाहायला हवे. "गप्प बसतो का, एका जागी बसतो का," असे मला अनेक पालक विचारतात. त्यात सोय आपली आहे. पाणी मागणे, घास घेणे, नको असेल तेव्हा 'नको' दाखवणे, ही सोय त्याची आहे.

माझी तक्रार अशी की 18 वर्षे झाली की विशेष शाळा संपते आणि तीव्र अपंगत्व असलेल्यांना तर आधीही जागा मिळत नाही. सिकंदराबादला या विषयाची राष्ट्रीय संस्था 1984 पासून आहे, नवी मुंबईत तिचे केंद्र आहे. आमच्या तालुक्यातील आईने तिथे कितीदा जायचे? आठवड्यातून एकदा घरी येऊन अर्धा तास दाखवून जाणारे माणूस तिला हवे आहे.

त्या मुलाची गोळी मी टप्प्याटप्प्याने निम्म्यावर आणली आहे. कोणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत, फिटच्या तर मुळीच नाहीत. तो अजून बोलत नाही, कपडे अधूनमधून ओले होतात, ओरडणे आठवड्यातून एक-दोनदा होते. मागच्या आठवड्यात आई आली ती चहाबद्दल विचारायला. त्याला कप द्यावा की स्टीलचा पेला? मी पेला म्हटले, आणि पहिले काही दिवस त्यात चहा घोटभरच, तोही कोमट.