शेवटचा मैल कोणाच्या नावे?

गेल्या महिन्यात घरचा मिक्सर जळाला. चालत दहा मिनिटांवर एका मोठ्या साखळी-दुकानाची शाखा आहे आणि तिथे काचेआड पाच-सहा मिक्सर कायम मांडलेले असतात. पण आमचा चौथा मजला, लिफ्ट नाही आणि गुडघे साठीतले. त्याच दुकानाच्या संकेतस्थळावर 'घरपोच मोफत' असे ठळक अक्षरांत लिहिले होते. मागवला. तिसऱ्या दिवशी तो आला, पण कोपऱ्यावरच्या शाखेतून नव्हे, भिवंडीच्या गोदामातून! सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवास करून तो सुखरूप पुण्यात उतरला आणि शेवटच्या दोन किलोमीटरांत अडला.

अडला तो माझ्या पत्त्यामुळे. 'मारुतीच्या देवळाजवळ' एवढीच खूण मी मोठ्या विश्वासाने लिहिली होती. ज्या शहरात भिकारदास, जिलब्या, डुल्या आणि पत्र्या असे एकाहून एक मारुती नांदतात, तिथे ही खूण म्हणजे चकवाच. पार्सल आणणाऱ्या मुलाने तीन फोन केले, मग चार जिने चढला. पाणी देताना चौकशी केली. पैसे पार्सलमागे, पेट्रोल आणि मोटारसायकलचा हप्ता त्याचा त्याने भरायचा.

"आणि घरी कोणी भेटलं नाही तर?"

"मग काही नाही, काका. उद्या परत यायचं."

आयुष्यभर बँकेत काढलेल्या माणसाला 'मोफत' हा शब्द टोचतो. बँकेत ज्या रकमेचे खाते सापडत नाही, ती तात्पुरती 'सस्पेन्स' खात्यात टाकतात आणि ऑडिटर आला की पहिले बोट तिथेच ठेवतो. घरपोच सेवेचा खर्च आज असाच सस्पेन्समध्ये पडून आहे. गिऱ्हाईक म्हणते मी दिला नाही, दुकानदार म्हणतो मी घेतला नाही. मग तो कोणाच्या नावे पडला?

हिशेब अवघड नाही. भिवंडीहून निघालेल्या ट्रकमध्ये शेकडो खोकी असतात. डिझेल, टोल, चालकाचा पगार त्यांच्यात वाटला जातो. शहरातल्या वाटप केंद्रापासून पुढे मात्र प्रत्येक खोक्याला वेगळे दार, वेगळा जिना, वेगळा फोन. दार बंद असले की तोच खर्च दुसऱ्यांदा. २०१० मध्ये फ्लिपकार्टने माल हाती पडल्यावर पैसे देण्याची सोय आणली. तिने बिचकणाऱ्या ग्राहकाला धीर दिला, तसा दारातूनच 'नको' म्हणण्याचा मार्गही मोकळा केला.

मग १८९० पासून मुंबईच्या डबेवाल्यांना हे कसे जमते? त्यांचे कौशल्य वादातीत. पण त्यांचा पत्ता रोज तोच, वेळ तीच, डबा घेणारा जागेवर हजर आणि रिकाम्या डब्यांची परतीची फेरीही ठरलेली. शिवाय टोळीच्या मिळकतीत प्रत्येकाचा वाटा. आमच्या दारी आलेल्या मुलाकडे यातले काहीच नव्हते.

पत्त्याचा प्रश्न जुनाच आहे. १९७२ मध्ये पिनकोड आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. ते सहा आकडे पत्राला वाटपाच्या टपाल कचेरीपर्यंत नेतात. तिथून पुढे पोस्टमनची ओळख कामी येई. २०२५ मध्ये टपाल खात्याने 'डिजिपिन' काढला. दहा अक्षर-आकड्यांत तो साधारण चार मीटर लांबी-रुंदीचा चौकोन दाखवतो. मजला मात्र त्यालाही कळत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. मिक्सरच्या एका भांड्याचे झाकण बसेना. खोके काखोटीला मारून मी कोपऱ्यावरच्या शाखेत गेलो. काउंटरवरचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "सर, ऑनलाइनचा माल आमच्याकडे बदलत नाही." पाटी एक, मालक एक, चोपड्या मात्र दोन! मला आमचे जुने दिवस आठवले. तेव्हा एका शाखेचा खातेदार दुसऱ्या शाखेत परकाच असे. कोअर बँकिंग आले आणि शाखेचा ग्राहक बँकेचा झाला. दुकानांना नेमके हेच करायचे आहे. फळीवरचा माल आणि संकेतस्थळावरचा माल एकाच खतावणीत आला, तर मिक्सर दहा मिनिटांच्या अंतरावरूनच निघेल आणि झाकणही तिथेच बदलेल. हे फुकट होणार नाही. फळीवरची शिल्लक बिनचूक ठेवावी लागेल आणि गिऱ्हाईक सांभाळणाऱ्या माणसाला बांधाबांधही करावी लागेल, म्हणजे माणसे वाढवावी लागतील. पण तो खर्च निदान डोळ्यांना दिसेल.

उरते ते जिना चढणाऱ्याचे खाते. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार अशी सुट्टी कामे करणारे २०२०-२१ मध्ये ७७ लाख होते. २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील, असा त्याचा अंदाज आहे. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने या कामगारांना देशाच्या कायद्यात ओळख दिली. त्यांना कामे पुरवणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम, पण कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांहून अधिक नाही, निधीत भरायची आहे. सस्पेन्समधली ही पहिली नोंद योग्य खात्यात गेली, असे म्हणू. मात्र वाया गेलेल्या फेरीचे पेट्रोल अजून त्या मुलाच्याच नावे आहे.

त्यातला थोडा भाग आपल्यालाही मिटवता येईल. घरी असू तीच वेळ द्यावी, फोन उचलावा, नको ते मागवून परत धाडू नये. मी त्याच रात्री संकेतस्थळावरचा पत्ता दुरुस्त केला. कोणता मारुती, कोणत्या बाजूची गल्ली, कितवा जिना, सगळे लिहिले. शेवटी लिहिले, 'चौथा मजला, लिफ्ट नाही. खालून हाक मारा, मी दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरतो.'