एक पिक्सेल म्हणजे एक गुंठा: शेतजमीन जाताना डेटाला काय दिसतं?

मागच्या खरिपात बाबांचा फोन आला. "अरे, हे ॲप फोटोच घेईना. म्हणतंय तुम्ही गटाच्या बाहेर आहात." बाबा आमच्याच बांधावर उभे होते. मग व्हिडिओ कॉल लावला, दहा-बारा पावलं आत सरका म्हटलं, तेव्हा कुठे सोयाबीनची नोंद झाली. त्या कॉलमध्ये मागे शेजारचा गट दिसत होता. मुरूम टाकलेले रस्ते, चुन्याच्या रेघा आणि 'प्लॉट विक्रीस'चा फ्लेक्स. संध्याकाळी सहज त्या गटाचा सातबारा उघडला. पिकाच्या रकान्यात लिहिलं होतं: चालू पड.

म्हणजे रेकॉर्डनुसार ती शेतजमीनच आहे, फक्त या हंगामात पेरलेली नाही. आमचं गाव पुण्यापासून तासाभरावर आहे, त्यामुळे असे गट एक-दोन नाहीत.

सातबारा म्हणजे खरं तर एकत्र छापलेले दोन टेबल. गाव नमुना सात मालकी आणि हक्क सांगतो, नमुना बारा कोणत्या हंगामात काय पेरलं ते सांगतो. दुसरं टेबल पूर्वी तलाठी भरायचे. (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात अजून तलाठीच म्हणतात.) 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतः मोबाईलवरून, लोकेशनसकट फोटो काढून नोंद करू लागला. पुढे केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये 2,817 कोटींचं डिजिटल कृषी मिशन मंजूर केलं. त्यातल्या ॲग्रीस्टॅकमध्ये तीन गोष्टी जोडायच्या आहेत: शेतकऱ्याची ओळख, जमिनीवर अक्षांश-रेखांशासह बसवलेला गावनकाशा आणि पेरलेल्या पिकाची नोंद.

इंजिनिअर म्हणून मला हे डिझाइन आवडतं. पण त्याला विचारला जाणारा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: हा माणूस योजनेला पात्र आहे का? ही जमीन अजून शेती आहे का, हे कोणी विचारत नाही. उत्तराला लागणारा बराचसा डेटा मात्र त्याच सिस्टिममध्ये पडून आहे.

आता हे महत्त्वाचं का, तर तुकडेबंदी. हा कायदा 1947 चा. शेतीचे परवडणार नाहीत इतके छोटे तुकडे होऊ नयेत म्हणून केलेला. 2023 मध्ये प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे ठरलं. प्रत्यक्षात शहरांभोवती एक-दोन गुंठ्यांचे व्यवहार स्टॅम्प पेपरवर होतच राहिले. घर उभं राहिलं, वीजही आली, सातबाऱ्यावर नाव मात्र लागलं नाही. जुलै 2025 मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी शहरी हद्दीत आणि तिच्या आसपास एक गुंठ्यापर्यंत हा कायदा शिथिल करण्याची घोषणा विधानसभेत केली. ज्यांनी आयुष्याची कमाई त्या गुंठ्यात घातली त्यांच्यासाठी हे योग्यच आहे, त्याला माझा विरोध नाही. पण एकदा झालेलं नियमित होतं म्हटल्यावर पुढचा प्लॉट विकणाऱ्यालाही धीर येतो. नवीन तुकडा पडताना तो वेळेत दिसला नाही, तर दहा वर्षांनी पुन्हा हीच घोषणा करावी लागेल.

दिसू शकतो का? एक गुंठा म्हणजे साधारण 101 चौरस मीटर. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांचा एक पिक्सेल 10 बाय 10 मीटरचा, म्हणजे 100 चौरस मीटर. जवळपास एक पिक्सेल, एक गुंठा! हे उपग्रह साधारण दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात आणि चित्रं फुकट मिळतात. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड परत फेकतं. या दोन्हींच्या फरकावरून एनडीव्हीआय नावाचा आकडा काढतात. पीक वाढलं की तो चढतो, कापणीनंतर उतरतो. मुरमाच्या रस्त्यावर तो वर्षभर सपाट राहतो.

अडचणी आहेतच. पावसाळ्यात ढग येतात. पिक्सेल गटाची हद्द पाळत नाही, त्यामुळे एकटा गुंठा नक्की ओळखता येत नाही. एका हंगामात पडीक रान आणि प्लॉटिंग सारखंच उघडं दिसतं. पण चार-पाच हंगाम सलग 'चालू पड' आणि त्यात सरळ रस्त्यांच्या रेघा, हे एकत्र आलं तर शंका फारशी उरत नाही. गावनकाशा बसवलेला असेल तर ही क्वेरी अवघड नाही.

केरळने अशी यादी कायद्यातच आणली. तिथल्या 2008 च्या भातशेती आणि पाणथळ संरक्षण कायद्यात कोणती जमीन भातशेती आहे याची डेटा बँक स्थानिक पातळीवर करायची होती, आणि वाद झाला तर राज्याच्या रिमोट सेन्सिंग केंद्राची जुनी उपग्रह चित्रं तपासतात. पण याद्या करताना चुका राहिल्या, आणि यादीतून जमीन वगळा म्हणून अर्जांचा ढीग लागला.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे. गटवार 'पड' जमिनीची यादी खुली केली तर सगळ्यात आधी ती दलाल वापरतील. कोण विकायच्या बेतात आहे, याची आयती लीड लिस्ट! म्हणून माझं मत असं: गटवार माहिती महसूल खात्याकडे राहू द्या, पण गावनिहाय एकूण आकडे (पेरलेलं, चालू पड, कायम पड, बिगरशेती) दर हंगामाला जाहीर करा. ग्रामसभेला तेवढं पुरेसं आहे.

आणि कसणाऱ्याचं काय? शेतकरी ओळख क्रमांक सातबाऱ्यावरच्या खातेदाराला मिळतो. खंडाने किंवा वाट्याने करणाऱ्याचं नाव मालक कागदावर येऊ देत नाही, कारण कुळ लागेल ही भीती अजून गेलेली नाही. त्यामुळे रान टिकवणारा माणूस या डेटाबेसमध्ये अनेकदा नसतोच. राज्यातली सरासरी जमीनधारणा 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, 2015-16 च्या कृषी गणनेत ती 1.34 वर आली. एवढ्यावर भागत नाही म्हणून शेजाऱ्याचं रान करणारे वाढतात. मला हे सगळ्यात मोठं भोक वाटतं, आणि ते उपग्रहाने बुजणार नाही.

आमच्या गावाचं मी पाहिलं. शेजारच्या गटात रस्त्यांच्या रेघा जानेवारी 2022 च्या चित्रात पहिल्यांदा दिसतात. तुम्हाला करायचं असेल तर कोपर्निकस ब्राउझर उघडा, गाव शोधा, 2018 चा आणि यंदाचा जानेवारी शेजारी ठेवा. एप्रिल घेऊ नका, तेव्हा जिरायत रानं तशीही उघडी असतात.