पहारेकऱ्याचे वेतन

समुद्रातील तेलविहिरींवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेला सरकारी तिजोरीतून किती पैसा द्यावा, यावर कायद्याने मर्यादा घालावी काय? माझ्या मते जरूर घालावी. मात्र पर्यायी उत्पन्नाची तरतूद त्याच कायद्यात असावी.

ऑस्ट्रेलियातील 'नोपसेमा' या २०१२ पासूनच्या नियामकाचा खर्च उद्योगावरील वैधानिक आकारणीतून भागतो. जो धोका निर्माण करतो त्यानेच देखरेखीचा भार सोसावा, हे अर्थशास्त्राला धरूनच आहे. अट एकच: आकारणीचा दर कायद्याने ठरावा, कंपन्यांच्या मर्जीने नव्हे.

पैशाइतकेच स्वातंत्र्यही महत्त्वाचे. अमेरिकेत एकच खाते तेलाचे स्वामित्वधन वसूल करी आणि सुरक्षाही पाही. २०१० मध्ये 'डीपवॉटर होरायझन'वर ११ कामगार मृत्युमुखी पडल्यावर त्याचे विभाजन झाले.

आपल्याकडे जुलै २००५ मधील मुंबई हायच्या आगीने २२ बळी घेतले. सागरी सुरक्षेचे नियम २००८ मध्ये आले. पण त्यांची अंमलबजावणी करणारे संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाच्याच छत्राखाली आहे, आणि ओएनजीसीही त्याच मंत्रालयाची.

पर्याय न देता निधी रोखणे म्हणजे काटकसर नव्हे. वाचलेल्या रुपयाची किंमत अखेर फलाटावरचा कामगार मोजतो.