घर पाहावे, पण जागा पाहून

'घर पाहावे बांधून' अशी आपल्याकडे म्हण आहे. गवंडी, सुतार, सिमेंट, परवाने आणि उसनवारी यांना तोंड देताना संसारी माणसाची जी दमछाक होते, तिच्यातून ती जन्मली असावी. पण घर बांधावे कुठे, याबद्दल म्हण काही सांगत नाही. जुन्या माणसांना तो प्रश्न फारसा पडतच नसे. गावठाण ठरलेले होते. विहीर, देऊळ, बाजार, शाळा पायी जाण्याच्या अंतरावर असत. शेत लांब असले तरी चालेल, घर मात्र चार घरांत हवे, असा सरळ हिशेब होता.

आज पेण आणि रोहे या दोन गावांना हा प्रश्न पूर्वी कधी नव्हता इतका निकडीचा झाला आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याआधी, २०२४ सालीच, उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतल्या १२४ गावांच्या परिसरात नवे शहर वसवण्याचे काम सरकारने एमएमआरडीएकडे सोपवले. लोक त्याला 'तिसरी मुंबई' म्हणू लागले आहेत. महामार्गाच्या दुतर्फा प्लॉटच्या जाहिराती दिसतात. 'महामार्गापासून दोन मिनिटांवर', 'विमानतळापासून अर्ध्या तासावर' असे त्यांत मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. ही मिनिटे कोणाची? मोटारीत बसलेल्या, रस्ता मोकळा मिळालेल्या माणसाची. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि पुढे कित्येक वर्षे रखडले. त्या काळात हा रस्ता ज्यांनी अनुभवला, त्यांना मोकळ्या रस्त्याच्या मिनिटांची किंमत वेगळी सांगायला नको.

बँकेच्या नोकरीत मी गृहकर्जाचे पुष्कळ अर्ज तपासले. सातबारा, एन.ए.चा हुकूम, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, पगाराचा दाखला असे सगळे पाहत असू. घरापासून स्टेशन किती लांब, एस.टी.चा थांबा कुठे, असा रकाना मात्र त्या अर्जात नव्हता. वास्तविक कर्जाची परतफेड त्यावरही अवलंबून असते. चिंतामणराव देशमुखांसारखा रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर ज्या रोह्याच्या घराण्यातला, त्या रोह्यात हिशेब कोणाला शिकवायला नको. तरीही एक उदाहरण मांडतो.

समजा, दोन जागा आहेत. एक स्टेशनपासून सायकलने दहा मिनिटांवर, दुसरी गावाबाहेर सात-आठ किलोमीटरवर. दुसरी अर्थातच स्वस्त. तिथे राहायचे तर घरात दोन मोटारसायकली लागतात. प्रत्येक गाडी रोज २० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस चालली, तर दोन्ही मिळून १,०४० किलोमीटर होतात. लिटरला ४५ किलोमीटर धरले तरी २३ लिटर पेट्रोल, म्हणजे शंभरी ओलांडलेल्या भावाने सुमारे २,४०० रुपये. विमा, टायर, दुरुस्ती यांचे ६०० धरू. लाखाची एक गाडी दहा वर्षे टिकली, तर दोन्ही गाड्यांची झीज महिन्याला सुमारे १,७०० रुपये. बेरीज झाली ४,७००. जवळच्या घरातही एखादी गाडी असेलच, म्हणून तिचे दीड हजार वजा करा. राहिले ३,२००. नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या कर्जाला लाखामागे सुमारे ९०० रुपये हप्ता पडतो. म्हणजे एवढ्या पैशांत साडेतीन लाखांचे कर्ज सहज फिटते. जवळची जागा साडेतीन लाखांनी महाग असली तरी ती दूरच्या जागेच्या भावातच पडली! शिवाय वीस वर्षांनी कर्ज संपते आणि जागा हातात राहते. पेट्रोलचा हप्ता कधी संपत नाही आणि त्याच्या पावतीवर कोणी मालकी देत नाही.

पण हा झाला पैशांचा हिशेब. घरात गाडी न चालवणारीही माणसे असतात. आठवीतली मुलगी असते, सांधे दुखणारी आजी असते, बाळाला डोस द्यायला निघालेली सून असते. ज्या घरातून यांना कोणाच्या मागे बसल्याशिवाय बाहेर पडता येत नाही, ते घर कितीही हवेशीर असले तरी यांच्यासाठी निम्मे बंदच असते. सरकारने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. मोफत केली, मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट केले. चांगलेच झाले. परंतु थांबा चार किलोमीटरवर असेल तर ही सवलत घ्यायची कशी? रिक्षाला शंभर रुपये द्यायचे आणि एस.टी.त वीस वाचवायचे, असला प्रकार होतो.

या बाबतीत पेण आणि रोहे ही नशीबवान गावे आहेत. रोह्याला १९८६ साली रेल्वे आली आणि पुढे कोकण रेल्वेचा शून्याचा दगड तिथेच रोवला गेला. पेण त्याच मार्गावर आहे आणि एस.टी.चे रायगडचे विभागीय कार्यालयही पेणच्या रामवाडीत आहे. दोन्ही गावांचा मूळ भाग सपाट आणि आटोपशीर. गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या पेणच्या आळ्या असोत की कुंडलिकेच्या काठची रोह्याची वस्ती, सायकलवर पाव तासात माणूस गावाच्या या टोकाहून त्या टोकाला जातो. धाटावची औद्योगिक वसाहतही रोह्यापासून सायकलच्याच टप्प्यात आहे. मोठ्या शहरांना जे आता कोट्यवधी खर्चूनही साधत नाही, ते इथे आयते आहे. प्रश्न एवढाच, की वाढत्या वस्तीने स्टेशन आणि स्टँडच्या भोवती जमायचे, की महामार्गाच्या कडेने सुतासारखे लांबत जायचे?

जागेचा आणखी एक गुण पाहावा लागतो, तो म्हणजे पाणी. पेणच्या पश्चिमेला खारेपाट आहे. खाडीचे पाणी बांधांनी अडवून पिढ्यान्‌पिढ्या तिथे भात पिकवला गेला. ती जमीन सखल आहे. पावसाचे पाणी तिथे थोडा वेळ थांबते आणि ओहोटीबरोबर उतरते. तिच्यावर दहा फूट भराव टाकून इमारत उभी करता येते, पण जे पाणी तिथे थांबत होते ते शेजारच्याच्या ओटीवर जाते. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने जांभूळपाडा आणि नागोठणे यांची काय दशा केली, जुलै २०२१ मध्ये महाड कसे बुडाले, हे या जिल्ह्याने पाहिले आहे. स्टेशन जवळ आहे म्हणून नाला बुजवून केलेली जागा घेऊ नये आणि उंचावर आहे म्हणून डोंगर कापून केलेलीही घेऊ नये.

समुद्राला बांध घालून शेती करणारा आणखी एक देश आहे, हॉलंड. सायकलींचा देश म्हणून आपण त्याचे कौतुक करतो, पण तिथेही १९७० च्या सुमारास मोटारींचे राज्य होते. रस्त्यांवर मुले मरू लागली तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले आणि धोरण बदलले. आज तिथे आगगाडीने जाणाऱ्या दहांपैकी चार-पाच माणसे स्टेशनवर सायकलने येतात. युट्रेख्ट स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकली ठेवण्याची सोय आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्यांचे १९८० च्या दशकाअखेरचे एक साधे धोरण. त्यांनी जागांचे तीन वर्ग केले. जिथे माणसांची ये-जा खूप, ती कचेरी स्टेशनजवळ; जिथे मालाची ने-आण खूप, तो कारखाना किंवा गोदाम महामार्गाजवळ; आणि मधल्या गरजेचे उद्योग मधल्या जागी. आपल्याकडे उलटे दिसते. कचेऱ्या, दवाखाने आणि कॉलेजे स्वस्त जमिनीच्या शोधात गावाबाहेर जातात आणि स्टेशनसमोर गोदामाचे पत्रे चमकतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या धोरणातही स्टेशनापासून ५०० ते ८०० मीटरच्या पट्ट्यात दाट वस्ती असावी, असे म्हटलेले आहे. ते मेट्रोच्या शहरांपुरते का मानावे?

कोणी म्हणेल, कोकणात चार महिने पाऊस, सायकल काय चालवणार? पोस्टमन आणि दूधवाले वर्षानुवर्षे याच पावसात सायकलने फिरले. त्यांना रेनकोट पुरे होता. आपल्याला छप्पर असलेला सायकलतळ आणि खड्डे नसलेली कडेची वाट मिळाली तरी पुष्कळ. दुसरा आक्षेप खरा आहे. गाड्याच मोजक्या, तर स्टेशनजवळ राहून काय उपयोग? पेणकर वर्षानुवर्षे कोकणच्या गाड्यांना थांबा मागत आले आहेत. पण गाडी प्रवाशांमागे येते. वस्ती दहा दिशांना विखुरली तर रेल्वेला प्रवासी दिसत नाहीत आणि एस.टी.ला फेरी परवडत नाही. फेरी बंद झाली की आणखी दोन मोटारसायकली विकल्या जातात.

उलट क्रमाने गेल्यास काय होते, हे शेजारच्या नवी मुंबईने दाखवले आहे. सिडको १९७० साली स्थापन झाली, वाशी वसली, आणि लोकल खाडी ओलांडून आली ती १९९२ साली. मधली सगळी वर्षे माणसे बसच्या रांगेत उभी होती. तिसऱ्या मुंबईचा आराखडा करणाऱ्यांनी आधी स्टेशने आणि थांबे नकाशावर पक्के करावेत, त्यांच्या भोवती शाळा-बाजार आखावेत आणि मग घरांचे प्लॉट पाडावेत.

आपण वाचकांनी काय करावे? जागा बघायला जाताना दलालाच्या मोटारीतून जाऊ नये. स्टेशनवर किंवा स्टँडवर उतरावे आणि चालत किंवा सायकलने जाऊन घड्याळ पाहावे. चालत पंधरा मिनिटे, सायकलने वीस, यापेक्षा जास्त लागले तर भाव कितीही कमी असो, मघाचा हिशेब पुन्हा मांडावा. एकदा अंधार पडल्यावर जावे, आणि एकदा भर जुलैत. बरोबर घरातली मुलगी आणि आजी असाव्यात. त्यांच्या मताला दोन मते धरावीत.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी मिळून करायची. विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की हरकती-सूचनांना मुदत मिळते. बहुतेकांना ती संपल्यावर कळते. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांच्या शेतकऱ्यांनी सेझच्या प्रश्नावर मतदान करून आपल्या जमिनीबद्दल मत नोंदवले होते. तो प्रकल्प पुढे झाला नाही. जमीन द्यायची की नाही, यावर जे गाव बोलू शकते, त्याने त्या जमिनीवर काय आणि कुठे उभे राहावे यावरही बोलले पाहिजे. नगरपालिकेकडे आणि ग्रामसभेत एवढे तरी मागावे, की नवी शाळा, नवा दवाखाना आणि नवी वसाहत थांब्यापासून किती अंतरावर आहे हे मंजुरीच्या कागदावर लिहिलेले असावे. आमच्या कर्जाच्या अर्जात जो रकाना कधी नव्हता, तो निदान त्या कागदावर यावा.