युरोपसाठी प्रमाणपत्र, मंडईसाठी भरवसा

सांगली जिल्ह्यातील तासगाव किंवा मिरज तालुक्यातून युरोपला जाणाऱ्या द्राक्षाच्या पेटीमागे तिचा सारा पूर्वेतिहास नोंदलेला असतो. बाग कोणाची, तिचा नोंदणी क्रमांक कोणता, तीत कोणते औषध कधी फवारले, काढणीपूर्वी नमुना कोणत्या प्रयोगशाळेने तपासला, हे सारे कागदोपत्री सापडते. त्याच तालुक्यांतून पहाटे सांगलीच्या सौद्यात उतरणाऱ्या भेंडी, वांगी आणि टोमॅटोमागे यातले काहीही नसते. कोरेगाव, वाई किंवा फलटण भागातून साताऱ्याच्या मंडईत येणाऱ्या भाजीचीही तीच कथा. दोन्ही जिल्हे भाजीपाला आणि फळे पिकवणारे असल्याने येथील शहरवासीयाला ताज्या मालाची वाण नाही. तो माल कितपत निर्धोक आहे, हे कळण्याची सोय मात्र त्याला नाही. पिकवणाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर राहूनही तो आपल्याच बाजारात परक्यासारखा उभा असतो.

द्राक्षातील शिस्त आपोआप आलेली नाही. २००३ च्या हंगामात नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि युरोपची बाजारपेठ हातची जाते की काय, अशी वेळ आली. तेव्हा ‘अपेडा’ हे केंद्राचे निर्यात प्राधिकरण आणि पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांच्या पुढाकाराने अवशेष तपासणीचा कार्यक्रम सुरू झाला. २००६ मध्ये त्याला ‘ग्रेपनेट’ या संगणकीय नोंदणीची जोड मिळाली. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे बागायतदार ज्याला ‘सीसीसी’ म्हणतात त्या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्याने युरोपातील माल पुन्हा अडला. त्याचा मोठा आर्थिक फटका बसला. पण त्यातूनही तपासणी अधिक काटेकोर झाली. या सर्व अनुभवाचे तात्पर्य सरळ आहे. खरेदीदाराने अट घातली आणि ती पाळणाऱ्याला बाजार मिळाला, तर येथील शेतकरी जगातील कठोर निकषही पाळू शकतो.

देशातील ग्राहकासाठी अशी अट कोणी घातली नाही. कायदा नाही, असे नव्हे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ मध्ये झाला आणि २०११ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. कीटकनाशकांच्या अवशेषांची कमाल मर्यादा देशांतर्गत मालालाही लागू आहे. परंतु मर्यादा कागदावर असणे वेगळे आणि ती मंडईत मोजली जाणे वेगळे. ज्या मेथोमिलमुळे २००३ मध्ये द्राक्षांची नाचक्की झाली, त्यावर देशात पूर्ण बंदी येण्यास २०२३ साल उजाडावे लागले. मोनोक्रोटोफॉसचा भाज्यांवरील वापर २००५ मध्येच निषिद्ध ठरला. तरी अन्य पिकांसाठी ते दुकानांत मिळत राहिले. एकाच दुकानातून घेतलेली बाटली कापसावर रिकामी होते की वांग्यावर, हे पाहणारी यंत्रणा शिवारात नव्हती.

येथे शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे, पण अन्यायाचे ठरेल. द्राक्षाची काढणी हंगामात एकदा होते, त्यामुळे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठरावीक दिवसांचे अंतर राखता येते. भेंडीचा तोडा दिवसाआड, फार तर दोन दिवसांआड करावाच लागतो. थांबले तर भेंडी जून होते आणि दर पडतो. औषधाच्या लेबलवर पाच-सात दिवसांचा प्रतीक्षा काळ लिहिलेला असेल, तर तो पाळणे म्हणजे दोन-तीन तोड्यांवर पाणी सोडणे होय. शिवाय देशात कीटकनाशकाची नोंदणी पीकनिहाय होते. अनेक पालेभाज्यांसाठी शिफारस असलेली औषधेच मोजकी आहेत. मग सल्ल्यासाठी गाठले जाते ते जवळचे कृषी सेवा केंद्र, आणि सल्ला देणाराच तेथे विक्रेताही असतो.

धोक्याचे प्रमाणही नेमके समजून घेतले पाहिजे. केंद्राच्या अवशेष सर्वेक्षणात २०१४-१५ मध्ये देशभरातून २०,६१८ नमुने तपासले गेले. त्यांपैकी १८.७ टक्के नमुन्यांत कीटकनाशकांचे अंश आढळले आणि कमाल मर्यादा ओलांडणारे नमुने २.६ टक्के होते. शिफारस नसलेल्या औषधांचे अंश मात्र १२.५ टक्के नमुन्यांत सापडले. म्हणजे मंडईतील प्रत्येक जुडी विषारी आहे, ही घबराट निराधार आहे. त्याचबरोबर आपल्या पिशवीतील जुडी कोणत्या गटातली, हे ग्राहकाला ओळखता येत नाही, हेही तितकेच खरे. चकाकी, आकार, वास यांपैकी कशावरूनही ते कळत नाही. देशाची सरासरी सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या स्वयंपाकघराला उपयोगाची नाही. तेथे त्या आठवड्याच्या, त्या मंडईच्या आकड्याची गरज आहे.

या अज्ञानाची किंमत ग्राहक पुन्हा पैशातही मोजतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील अभ्यासनिबंधांनुसार ग्राहकाने टोमॅटोसाठी मोजलेल्या रुपयातील सुमारे ३३ पैसे आणि द्राक्षासाठी मोजलेल्या रुपयातील सुमारे ३५ पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात. उरलेला हिस्सा वाहतूक, हमाली, आडत, घट आणि नफा यांत विभागला जातो. राज्य सरकारने २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला आणि आडतीचा भार शेतकऱ्याकडून खरेदीदाराकडे वळवला. शेतकऱ्यांच्या आठवडी बाजारांनाही त्याच सुमारास चालना मिळाली. हे पाऊल योग्यच होते. मात्र मधली साखळी तुटली म्हणून अवशेष कमी होत नाहीत. थेट विक्रीने दराचा प्रश्न काही अंशी सुटतो, सुरक्षिततेचा नाही.

‘मग सेंद्रिय घ्या’ हे त्यावरचे हमखास उत्तर. सहभाग हमी पद्धत आणि २०१५ पासूनची परंपरागत कृषी विकास योजना यांतून शेतकरी गटांना कमी खर्चात प्रमाणीकरणाचा मार्ग खुला झाला, हे स्वागतार्ह आहे. परंतु सेंद्रिय माल महाग असतो आणि त्याचे उत्पादन थोडे. निर्धोक अन्न ही ऐपतीनुसार मिळणारी चैन ठरली, तर कुपवाडच्या कारखान्यातील कामगाराने काय खायचे? सुरक्षितता ही वेगळ्या दुकानात मिळणारी वस्तू होता कामा नये. मंडईतील सर्वांत स्वस्त मेथीलाही ती लागू असली पाहिजे.

निव्वळ शिक्क्याने हे साधत नाही, याचा अनुभव व्हिएतनामने घेतला आहे. तेथे ‘सुरक्षित भाजी’चे उपक्रम १९९० च्या दशकापासून चालू आहेत आणि २००८ मध्ये ‘व्हिएतगॅप’ हे राष्ट्रीय मानक आले. तरीही हनोईतील गृहिणी आणि तेथे राहणारे परदेशी नागरिक पुष्कळदा शिक्क्यापेक्षा ओळखीच्या भाजीवालीवरच विसंबतात. शिक्क्यामागे नियमित आणि उघड तपासणी दिसत नसेल, तर माणूस माणसाकडे वळतो. सांगली-साताऱ्यातील ग्राहकही तेच करतो. पण त्याची भाजीवाली स्वतः सौद्यातून माल उचलत असते. फवारणीविषयी तिलाही काही ठाऊक नसते.

याला पर्याय उपलब्ध आहेत. केरळ कृषी विद्यापीठाची वेल्लायणी येथील प्रयोगशाळा बाजारातील भाज्यांचे नमुने तपासून कोणत्या भाजीत काय आढळले, हे २०१३ पासून जाहीर करत आली आहे. तैवानमध्ये १९८० च्या दशकात विकसित झालेली जलद चाचणी घाऊक बाजारांत वापरली जाते. ती काही मिनिटांत ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट या दोन गटांतील अंशांची सूचना देते. सर्व औषधे तीत पकडली जात नाहीत. मात्र मेथोमिल आणि मोनोक्रोटोफॉस ही याच दोन गटांतली आहेत. सविस्तर प्रयोगशालेय तपासणीला प्रत्येक नमुन्यामागे काही हजार रुपये लागतात आणि निकाल येईपर्यंत भाजी खाऊन झालेली असते. म्हणून सौद्याच्या आवारात जलद चाचणी, संशयास्पद नमुना पुढील तपासणीला आणि निष्कर्ष दर आठवड्याला फलकावर, असा क्रम व्यवहार्य ठरेल. दोषी आढळलेल्या मालाच्या गावी दंडाआधी कृषी सहायक पोहोचला, तर शेतकऱ्याचाही विश्वास बसेल.

खरी अडचण जबाबदारीची आहे. औषधांच्या विक्रीवर नियंत्रण कृषी विभागाचे, विकल्या जाणाऱ्या अन्नावर अन्न व औषध प्रशासनाचे, घाऊक बाजाराच्या आवारावर बाजार समितीचे आणि शहरातील मंडईवर महापालिका किंवा नगरपालिकेचे. चार दारांपैकी एकही आपले नाही, अशी समजूत चौघांचीही होऊ शकते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली या चौघांना एकत्र बसवून मंडईतील तपासणीचे वेळापत्रक ठरवायला नवा कायदा लागत नाही.

तोवर ग्राहकाच्या हाती उरतात ते छोटे उपाय. वाहत्या पाण्यात भाजी नीट धुतल्याने, साल काढल्याने पृष्ठभागावरील अंश बरेच कमी होतात. झाडाच्या आत भिनलेली औषधे त्याने जात नाहीत. हंगामातील भाजी घेणे, एकाच भाजीवर भर न देणे आणि शेतकरी गटाकडून घेताना शेवटची फवारणी कधी झाली हे स्पष्ट विचारणे, एवढे प्रत्येकाला करता येईल. हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. युरोपच्या खरेदीदाराने २००३ नंतर तोच प्रश्न विचारला आणि तासगावच्या बागेत नोंदवही आली. सांगली-साताऱ्याच्या मंडईत तो पुरेशा लोकांनी विचारला, तर भेंडीच्या शेतातही ती येण्यास फार काळ लागू नये.