विकणाऱ्याचा मान

आपल्या घरांतून विद्येला मान आहे, नोकरीला मान आहे. आणि अलीकडे पदवी घेतल्यावर नोकरीच्या मागे न लागता स्वतंत्र धंदा काढणाऱ्या मुलाकडेही वडीलधारी मंडळी पूर्वीइतक्या धास्तीने पाहत नाहीत. तथापि 'आमचा मुलगा सॉफ्टवेअर तयार करतो' असे सांगताना आईच्या स्वरात जो अभिमान असतो, तो 'आमचा मुलगा सॉफ्टवेअर विकतो' असे सांगण्याचा प्रसंग आला म्हणजे कोठच्या कोठे नाहीसा होतो. घडविणे हे बुद्धीचे काम आणि विकणे हे जिभेचे, अशी आपली जुनी समजूत आहे. या समजुतीची किंमत पुष्कळदा रोख पैशांत मोजावी लागते. म्हणून या महिन्यात तिचाच विचार करू.

असे एक घर कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. धुळ्याच्या एखाद्या गल्लीतील दुमजली वाडा. खाली आजी-आजोबा, वर दोघा भावांचे संसार. धाकट्याचा मुलगा संगणकशास्त्र शिकून, पुण्यास तीन वर्षे नोकरी करून घरी परतला आहे. बाजार समितीतील आडत्यांच्या हिशेबासाठी एक सॉफ्टवेअर करावे, असे त्याने मनात घेतले. कल्पना मुळीच वाईट नव्हे. शेतकऱ्याच्या मालाचे वजन, तोलाई, हमाली, आडत, बारदान आणि आधी दिलेली उचल या सर्वांचा मेळ घालणे हे रोजचे किचकट काम आहे. वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून आठ लाख रुपये निघाले, माडीवरच्या खोलीत दोन संगणक आले, आणि दीड वर्ष खपून मुलाने खरोखरच चांगली वस्तू तयार केली. मग 'आता विकावयास एखादा माणूस ठेवू' असे ठरून एक बोलका, चटपटीत गृहस्थ पगारावर नेमण्यात आला. सहा महिन्यांत चार गिऱ्हाइके मिळाली. त्यांतील दोघांनी वापर सोडून दिला. आणि तो गृहस्थही दुसरी नोकरी पाहून निघून गेला. आता जेवताना त्या विषयावर कोणी बोलत नाही. थोरल्या भावाच्या मुलीच्या लग्नाची बोलणी मात्र चालू आहेत, आणि ते आठ लाख सर्वांनाच आठवत असतात.

चूक कोठे झाली? विकणारा माणूस चुकीचा निवडला असे घरचे म्हणतील. माझ्या मते चूक त्याआधीच, दीड वर्षापूर्वी झाली होती. सॉफ्टवेअरचे पैसे शेठ देतात, पण ते हाताळावयाचे मुनीमजींनी. शेठना वाटते, हिशेब झटपट होईल. मुनीमजींना वाटते, तीस वर्षे जपलेली वही गेली म्हणजे आपली गरजही गेली. शेठ होकार देतात आणि मुनीमजी महिन्याभरात 'हे काही चालत नाही' असे सिद्ध करून दाखवितात. ही गोष्ट माडीवरच्या खोलीत बसून कळणारी नव्हे. पहिल्याच महिन्यात पेढीवर जाऊन बसले असते तर ती कळली असती, आणि मुनीमजींच्या ओळखीच्या वहीसारखाच पडदा तयार झाला असता. पगारी विक्रेत्याला ती कदाचित कळलीही असेल. परंतु त्याचे ऐकून घेण्याची घरात तयारी नव्हती, आणि 'किंमत जास्त पडते' एवढेच सांगणे त्याला सोपे होते.

येथे थोडा हिशेबही पाहू. समजा, एका पेढीकडून वर्षाला १२,००० रुपये यावयाचे आणि धंद्याचा महिन्याचा खर्च ६०,००० रुपये आहे. म्हणजे वर्षाचे ७,२०,००० झाले. नुसता खर्च भागण्यास ६० पेढ्या पाहिजेत. त्यावर महिना ३०,००० रुपयांचा विक्रेता ठेवला की केवळ त्याच्या पगारासाठी आणखी ३० पेढ्या लागतात. चार गिऱ्हाइकांच्या बळावर ज्याने हे ओझे उचलले, त्याने विक्रीची सोय केली नाही, तर विक्रीपासून तोंड लपविण्याचा खर्च मात्र वाढविला.

आता आपल्याच प्रांतातील काही उदाहरणे पाहू. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकावयास दोन वर्षे लागली असे सांगतात. वस्तूत खोट नव्हती. अडचण मनात होती, आणि मनापर्यंत कोणीतरी जावयास पाहिजे होते. पुढे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात हे काम त्यांचे पुतणे शंकरराव यांनी अंगावर घेतले. १९२० साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मुखपत्र काढले; ज्या 'किर्लोस्कर' मासिकाला पुढे घराघरांत मानाचे स्थान मिळाले, त्याचा जन्म कारखान्याच्या मालाशी लोकांचा परिचय करून देण्याच्या गरजेतून झाला. चुलत्याने घडवावे आणि पुतण्याने लोकांपर्यंत न्यावे, यात त्या घराला कमीपणा वाटला नाही.

खानदेशचे उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचे आहे. जामनेर तालुक्यातील वाकोदचे भवरलाल जैन (१९३७–२०१६) कायद्याचे पदवीधर होते. १९६३ साली सात हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी जळगावात रॉकेलच्या विक्रीपासून आरंभ केला. पुढे खते, बियाणे, यंत्रे अशा शेतीच्या गरजांचा व्यापार करीत ते वाढले. पपेनचा कारखाना आला तो १९७८ मध्ये, आणि पीव्हीसी नळ्यांचा १९८० मध्ये. ठिबक सिंचन त्यानंतरचे. म्हणजे कारखानदार होण्यापूर्वी पंधरा वर्षे हा मनुष्य शेतकऱ्याला माल विकीत होता. त्यामुळे ठिबकची नळी ही नळी म्हणून विकावयाची नसून केळीच्या वाढलेल्या घडाच्या रूपाने दाखवावयाची असते, हे त्यांच्या संस्थेने ओळखले. प्रात्यक्षिकांची शेते उभी राहिली, कृषितज्ज्ञ बांधावर गेले. हीच संस्था १९९० नंतरच्या दशकात वित्तव्यवहार, माहिती-तंत्रज्ञान अशा दूरच्या क्षेत्रांत शिरली तेव्हा अडचणीत आली, आणि सावरली ती शेतीकडे परतल्यावर. जे गिऱ्हाईक पिढीजात ओळखीचे, त्याच्याजवळ राहण्यातच तिचे बळ होते.

कोणी म्हणेल, नांगर आणि नळी डोळ्यांना दिसतात, सॉफ्टवेअरचे काय? म्हणून सॉफ्टवेअरचेही एक उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर हे पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करीत असत. १९९३ मध्ये त्यांनी संगणकदुरुस्तीची संस्था काढली. दुरुस्तीस येणारे संगणक विषाणूंनी बिघडलेले असत. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी त्यावर उपाय लिहिला, आणि १९९५ मध्ये 'क्विक हील' बाजारात आले. एका भावाने लिहिले, आणि दुसऱ्याने ते लोकांपुढे नेले. आरंभीची वर्षे फार ओढाताणीची गेली. पुढे गावोगावचे संगणक विकणारे आणि दुरुस्त करणारे दुकानदार हेच त्यांचे विक्रेते झाले, कारण संगणक बिघडला की लोक त्यांच्याकडेच धाव घेत. २०१६ च्या फेब्रुवारीत या कंपनीचे समभाग शेअरबाजारात नोंदले गेले. गिऱ्हाइकाचे दुखणे थोरल्या भावाच्या टेबलावर आधी आले आणि औषध नंतर तयार झाले, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

किंबहुना सॉफ्टवेअरला विक्रेत्याची गरज नांगराहून अधिक आहे. नांगर एकदा विकला की संपले. सॉफ्टवेअरचे पैसे दरवर्षी नव्याने मिळवावे लागतात. कायदा बदलला की ते बदलावे लागते, मुनीम बदलला की पुन्हा शिकवावे लागते. म्हणून विक्रीचा प्रमुख हा बोलघेवडा असून चालत नाही. बोलणाऱ्याचे हुलगेही विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु हुलगे गहू म्हणून घेणारा मनुष्य दुसऱ्या वर्षी दुकानाची पायरी चढत नाही. या धंद्यात ऐकणाऱ्याचे विकले जाते.

मग प्रत्यक्षात करावे काय? पहिली दहा गिऱ्हाइके मुलाने स्वतः मिळवावी. त्यात कितीही संकोच वाटला तरी दुसऱ्याला पाठवू नये. कोणी नकार दिला तर कारण त्याच्याच शब्दांत त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. तेच बोलणे, तीच किंमत आणि तीच वस्तू घेऊन अनोळखी पेढीवरही होकार मिळू लागला, म्हणजे विक्रीचा प्रमुख नेमण्याची वेळ आली असे समजावे; त्याआधी नेमल्यास तो बिचारा अंधारात चाचपडणार. नेमताना शक्य असल्यास आरंभी दोघे घ्यावे. एकटा अयशस्वी झाला तर दोष माणसाचा की वस्तूचा, हे कळण्यास मार्ग नसतो. दोघे अडखळले तर वस्तूकडे पाहावे. त्याला खानदेशाचे वर्ष माहीत असले पाहिजे: पेरणीच्या तोंडावर बियाण्याच्या दुकानदाराशी बोलावयास जाणारा, किंवा कापसाची आवक ऐन भरात असता जिनिंगच्या मालकाला अडविणारा मनुष्य हात हलवीत परत येणार. जे सॉफ्टवेअरमध्ये नाही त्याचे वचन त्याने देऊ नये. जेथे वसुली होणार नाही तेथे विकू नये. आणि त्याने आणलेली वाईट बातमी ऐकण्यासाठी आठवड्यातील एक सकाळ लिहिणाऱ्याने राखून ठेवावी. त्याला नुसत्या दलालीवर न ठेवता, शक्य तर धंद्यात थोडा वाटा द्यावा. ज्याला आपण घरचा मानीत नाही, तो आपल्या घराची काळजी का वाहील?

राहिली प्रतिष्ठेची गोष्ट. 'दारोदार हिंडणे आपल्याला शोभते काय?' हा प्रश्न निदान धुळ्यात तरी कोणी विचारू नये. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावच्या वाड्यांतून दप्तरे मागत आयुष्यभर हिंडले. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड त्या पायपिटीतून निघाले. आणि १९२६ साली धुळ्यातच त्यांचा देह पडला. शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते मिळवून याच गावी वाग्देवता मंदिरात ठेवली. खुद्द दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षेवर स्वतंत्र समास आहे. त्या निमित्ताने माणसे जवळून कळतात, हा त्यातील भाव आपल्या आजोबांना चांगला ठाऊक असेल. विद्येसाठी परक्याच्या उंबरठ्यावर उभे राहणे ज्या परंपरेने थोर मानले, तिने प्रामाणिक विक्रीसाठी तेथे उभे राहणाऱ्या मुलाला कमी लेखावे, हे नवल होय.

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले. आज ते कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखले जाते. संगणक शिकलेली मुले आता जळगाव-धुळ्यातही आहेत. लिहिणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. ज्यांच्या घरी असा मुलगा किंवा सून धंद्याची तयारी करीत असेल, त्यांनी पैशापूर्वी एक गोष्ट द्यावी. रात्री ताटावर बसल्यावर 'आज काम कुठवर आले?' असे विचारण्याऐवजी 'आज कोणाच्या पेढीवर जाऊन आलास, आणि ते काय म्हणाले?' असे विचारावे. तो उत्तर देईल तेव्हा, नकाराची हकिकत असली तरी, शेवटपर्यंत ऐकावी. भविष्यनिर्वाह निधीतील रुपया काढण्याची वेळ त्यानंतरची.