शिंगाळ्याची नोंद कोण ठेवणार?

बंगळुरूच्या दक्षिणेला होसूर रस्त्यावरचं बोम्मसंद्रा ही कारखान्यांची वसाहत. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच, किनारा शेकडो किलोमीटर दूर. तरी इथे पसारा असलेल्या बायोकॉनची सुरुवात समुद्राशी नातं सांगणारी आहे. किरण मजुमदार-शॉ यांनी १९७८मध्ये कंपनी काढली तेव्हाची पहिली उत्पादनं दोन: पपईच्या चिकातलं पपेन आणि माशाच्या भोतापासून, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीपासून, काढलेलं आयसिंग्लास. बिअर नितळ करण्यासाठी ते परदेशी जायचं.

मासा विकणं एक, त्याची नोंद ठेवणं दुसरं. ती नोंद ठेवण्यासाठी त्याच वर्षी कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ‘मरीन फिशरीज इन्फर्मेशन सर्व्हिस’ ही छोटीशी पत्रिका सुरू केली. कोणत्या बंदरात कोणती मासळी उतरली, कोणत्या जाळ्यात, कोणत्या महिन्यात, अशा नोंदींची. १९८०च्या आसपास शिंगाळा या समुद्री माशावर आलेलं संकट तिने टिपलं. शिंगाळ्याचा नर गोटीएवढी अंडी तोंडात धरून उबवतो आणि पिल्लं सुटेपर्यंत काही खात नाही. कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांत असे नर थव्याने सापडू लागले, म्हणजे एका ओढीत बापही गेला आणि पुढची पिढीही. पुढे नैर्ऋत्य किनाऱ्यावरची शिंगाळ्याची मासेमारी कोसळली, ती का कोसळली हे आज सांगता येतं ते बंदरावर उभं राहून केलेल्या या नोंदींमुळे.

मोठ्या परदेशी नियतकालिकाला असला मजकूर नको असतो. नवा सिद्धान्त नाही, एका किनाऱ्यापुरती गोष्ट. पण खाडी ही नेहमी एका किनाऱ्यापुरतीच असते! सागरवैज्ञानिक सतीश शेट्ये आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या मांडवी-जुवारीच्या खाड्यांतली भरती मोजली. पात्र आत निमुळतं होत जातं, त्यामुळे घर्षणात गेलेला जोर भरून निघतो आणि कित्येक किलोमीटर भरतीची उंची जवळजवळ तशीच राहते, असं त्यांना आढळलं. १९९५मध्ये हे छापलं ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकाने. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३४मध्ये स्थापलेली ही अकादमी आपली नियतकालिकं आजही वाचकाला फुकट वाचू देते.

अशी नियतकालिकं चालवणं म्हणजे पदरमोड करून केलेलं काम. परीक्षक प्राध्यापक आपला वेळ विनामोबदला देतात, संपादक दिवसाची नोकरी सांभाळून रात्री हस्तलिखितं तपासतात. आणि ज्या तरुण संशोधकाने दोन वर्षं चिखलात उभं राहून वाशिष्ठीच्या खाडीतलं पाणी मोजलं, त्याला निवड समिती विचारते, परदेशात काय छापलं? मग तो चांगला लेख बाहेर धाडतो आणि इथल्या संपादकाकडे उरलेलं येतं. दर्जा घसरला म्हणून वर पुन्हा आपणच नाकं मुरडतो. हा अन्याय आहे.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० मोठे प्रकाशक, ६,३००हून अधिक संस्था. आडगावच्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलीला जगातलं संशोधन वाचायला मिळेल ही मोठीच गोष्ट, तिचं स्वागत. पण वाचण्यासाठी एवढा पैसा मोजणाऱ्या देशाने स्वतःचं छापण्यासाठीही हात सैल सोडायला हवा. या रकमेचा शंभरावा भाग म्हणजे ६० कोटी. तेवढेच वेगळे काढून प्रादेशिक नियतकालिकांना पूर्ण वेळ संपादक द्यावेत, जुने अंक नीट जतन करावेत, निवड समित्यांनी तिथल्या लेखाला पूर्ण गुण द्यावेत. आणि कोकणच्या खाडीवरचा प्रत्येक लेख एका पानाच्या मराठी सारांशासह हर्णै आणि मिरकरवाड्याच्या मच्छीमार सोसायट्यांकडे पोचावा.